सोसायटीचा कॅमेरा, २५० कोटींचा दंड आणि आपण सगळे अर्धे शहाणे

पारसिक (शनिवार, रात्री ११.१०)

नेरूळ. सेक्टर सांगत नाही, आमच्या बिल्डिंगमधले दोनतीन जण इथे वाचतात आणि मला अजून तिथेच राहायचंय. गेल्या रविवारी रात्री बाबांची गाडी स्टिल्टमध्ये लावलेली, सकाळी बघतो तर मागचा बंपर आत गेलेला आणि डावा टेललॅम्प फुटलेला. चिठ्ठी नाही, फोन नाही. वर कॅमेरा आहे, म्हटलं पाच मिनिटांचं काम. आज सहावा दिवस.

सेक्रेटरींकडे फुटेज मागितलं तर म्हणाले देता येत नाही, नवीन डेटा कायदा आलाय, दुसऱ्याच्या गाडीचं फुटेज दिलं तर २५० कोटी दंड. मी हसलो, मग लक्षात आलं माणूस सिरियस आहे. ६४ फ्लॅटची सोसायटी, लिफ्टच्या दोरासाठी वर्गणी काढताना सहा महिने गेले, आणि २५० कोटी! फॉरवर्ड आला होता त्यांना. दाखवला पण. खाली 'सर्व ग्रुपवर पाठवा' वगैरे.

मी ग्रुपवर लिहिलं हे कै च्या कै आहे. त्यावर एक काका म्हणाले असले मेसेज राहू दिले तर ॲडमिनला अटक होते. दुसरे म्हणाले पदाधिकाऱ्यांची बदनामी केलीस, आयटी कायद्याचं ६६ए लागेल तुला. तिसरे म्हणाले पोलिसांत जाऊच नकोस, व्हिडिओ कोर्टात चालत नाही. चौथे, माझ्याच वयाचे, आयटीतलेच, म्हणाले व्हिडिओपेक्षा मोठा पुरावा तो काय, सरळ ३०२ च्या दारात जाऊन उभा राहा. (३०२ हा फ्लॅट नंबर आहे, कलम नाही. कलम पण आता राहिलं नाही म्हणा, खुनाची शिक्षा नव्या कायद्यात १०३ ला गेली.)

३०२ का, तर अध्यक्षांना शेवटी दया आली आणि त्यांनी ऑफिसातल्या मॉनिटरचा मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवला. हात हलतोय, मागे वॉचमनच्या फोनवर गाणी चाललीयत. २१:५२ ला एक पांढरी हॅचबॅक रिव्हर्स येते, दिव्याच्या झगमगाटात नंबर दिसत नाही, धक्का लागतो, गाडी दोन सेकंद थांबते आणि निघून जाते. गेटच्या वहीत ९.५० ला ३०२ ची पांढरी गाडी आत आल्याची नोंद. झालं की! ग्रुपवर खटला उभा राहिला आणि दहा मिनिटांत निकालही लागला. ३०२ वाले म्हणतात मी नाही.

आता विषय गाडीचा नाही (आहे, १८ हजारांचं एस्टिमेट आलंय), पण हे सगळं बघून वाटलं की कायदा आणि टेक्नॉलॉजी या दोन गोष्टींत लोक जेवढं कमी माहिती तेवढं जोरात बोलतात. मी स्वतः महाप्याला १५ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझं मत असं की कायदेवाल्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही म्हणून ते व्हिडिओसोबत सह्याशिक्क्यांचे कागद मागतात. फाईलचा हॅश काढा (फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा), एक बिट जरी बदलला तरी कळतं, गणित आहे ते, त्याला कुणाची सही कशाला हवी? बोला.

घोडबंदर_त्रस्त

पहिला. आमच्याकडे कॅमेरे १६ आहेत, चालू किती ते कमिटीलाच ठाऊक. उद्घाटनाला नारळ फोडला तेवढंच रेकॉर्डिंग झालं बहुतेक.

ट्रान्सहार्बर

पारसिक, १००% सहमत. त्या एव्हिडन्स ॲक्टच्या ६५बी सर्टिफिकेटबद्दल मी ऐकलंय, म्हणजे सीसीटीव्हीच्या सीडीला कुणीतरी कागदावर लिहून द्यायचं की हो ही खरी आहे. अरे जो खोटी सीडी देईल तो खोटा कागद नाही देणार का? नुसता बाबूपणा.

काळाकोट

ठाण्याला कोर्टात जाते रोज, कळव्याला राहते, त्यामुळे हा धागा बघून झोप उडाली. उलट्या क्रमाने जाते.

६६ए मेलंय. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल केसमध्ये ते कलम घटनाबाह्य म्हणून पूर्ण रद्द केलं. आपल्या भागातल्या लोकांना तर हे पाठच हवं, कारण त्या केसला निमित्त झालेली सगळ्यात गाजलेली अटक पालघरची, नोव्हेंबर २०१२, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. बंदवर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघी आत. आणि गंमत बघा, रद्द झाल्यावरही कितीतरी वर्षं देशभर पोलीस ते कलम लावत राहिले, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच म्हणावं लागलं की हा धक्कादायक प्रकार आहे आणि २०२२ मध्ये परत आदेश द्यावा लागला की कुणावरही या कलमाखाली खटला चालवू नका. तेव्हा तुमच्या ग्रुपवरच्या काकांना मी फार हसणार नाही, गणवेशातल्या लोकांनाही माहीत नव्हतं.

ॲडमिनला अटक: मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका केसमध्ये स्वच्छ सांगितलंय की मेंबरने काही टाकलं म्हणून ॲडमिन गुन्हेगार होत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत होतं असं दिसलं तर गोष्ट वेगळी. तो मेसेज येण्याआधी ॲडमिनला दिसत पण नाही, तो काय करणार.

आता २५० कोटी. आकडा खरा आहे बरं का. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात २५० कोटी ही वरची मर्यादा आहे, आणि ती लोकांचा डेटा नीट सांभाळला नाही, गळती होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतली नाही, यासाठी. शेजाऱ्याला बंपर दाखवल्याबद्दल नाही. शिवाय नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार असं त्यातच लिहिलंय. आणि कायदेशीर हक्क किंवा दावा बजावायला डेटा लागत असेल, गुन्ह्याच्या तपासाला लागत असेल, तर कलम १७ मध्ये सूट आहे. म्हणजे सेक्रेटरींनी अख्ख्या कायद्यातला एकच आकडा वाचला, बाकी वाचलंच नाही.

पण त्यांचं एक बरोबर आहे हे पण सांगते. मागेल त्याला फुटेज वाटत सुटू नये. कोण किती वाजता कुणाबरोबर घरी आलं हे बघायला उत्सुक असलेली माणसं प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन असतात. लेखी अर्ज घ्या, तारीख-वेळ लिहा, तेवढाच तुकडा द्या. पोलिसांना हवं असेल तर ते बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ९४ खाली मागतील, मग द्यावंच लागतं.

सर्टिफिकेटवर सकाळी लिहिते. ट्रान्सहार्बर, तुमच्यासाठी जालन्याची गोष्ट आणते.

सीवूड्सकाकू

वाचतेय. काळाकोट, तुम्ही छान समजावता हो.

घोडबंदर_त्रस्त

अवांतर आहे पण विचारूनच घेतो. माझा घरमालक म्हणतो ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट नोटरी केलं की बास, रजिस्ट्रेशनची गरज नाही. खरं का? डिपॉझिट परत देताना नाटकं करेल असं वाटतंय.

काळाकोट

नाही. ११ महिन्यांची गोष्ट केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलीय, तिथे वर्षभराच्या आतला भाडेपट्टा नोंदवायची सक्ती नाही, ते ऐकून अख्ख्या महाराष्ट्राने ११ महिने धरून ठेवले. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, एक महिन्याचं असलं तरी, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू काय म्हणतो ते कोर्ट आधी धरतं. हा परिच्छेद मालकाला पाठवा, आवाज खाली येईल.

घोडबंदर_त्रस्त

_/\_

काळाकोट (रविवार, सकाळी)

तर जालना. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल हायकोर्टात गेले, म्हणाले यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झालाय. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. म्हणजे पारसिक, तुझ्यासारखीच केस, एक कॅमेरा आणि एक वेळ, फक्त पणाला बंपरऐवजी आमदारकी. रेकॉर्डिंगच्या सीड्या मिळाल्या पण सर्टिफिकेट काही अधिकारी देईनात, कितीदा मागून. २०१७ मध्ये हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात, आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं: मूळ यंत्रच कोर्टात आणून दाखवलं तर कागद नको. पण त्यातून काढलेली कॉपी देणार असाल तर सर्टिफिकेट हवंच. आणि तुम्ही सगळे प्रयत्न करूनही यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो देतच नसेल तर तुमचं अडून राहणार नाही, कोर्ट त्याच्याकडून मागवू शकतं. मला सांगा, यात बाबूपणा कुठे आहे? व्हिडिओ चालत नाही असं म्हणणारे तुमचे तिसरे काका चूक आणि व्हिडिओ आहे म्हणजे सगळं झालं असं म्हणणारे चौथे पण चूक.

ट्रान्सहार्बर

वाचलं. तरी मुद्दा राहतोच. हे कलम ब्रिटिशांच्या १९६८ च्या कायद्यावरून उचललेलं आहे आणि ब्रिटिशांनी स्वतः ते कधीच काढून टाकलं. आपण त्यांची जुनी कोटपाटलोण घालून फिरतोय. कॉम्प्युटर हिशोब चुकत नाही हो, माणसं चुकतात.

काळाकोट

अगदी हेच कुणीतरी म्हणेल याची वाट बघत होते!

बरोबर, त्यांनी दिवाणीचं १९९५ मध्ये काढलं. फौजदारीला वेगळं कलम होतं, १९८४ च्या कायद्यातलं ६९, की कॉम्प्युटरचा पुरावा आणायचा तर आधी दाखवा तो नीट चालत होता. ते पण १९९९ च्या कायद्याने काढलं. कारण तुम्ही म्हणताय तेच, उगाच कटकट, मशीन सहसा नीटच चालतं. मग तिथे गृहीतच धरलं जायला लागलं की यंत्र बरोबर चालत होतं, चुकत होतं असं वाटत असेल तर तुम्ही दाखवा.

आणि त्याच सुमाराला तिथल्या पोस्टाने होरायझन नावाची अकाउंटिंग सिस्टिम आणली, फुजित्सूची. गावोगावच्या सबपोस्टमास्तरांच्या हिशोबात पैसे कमी दिसायला लागले. आपल्याकडे कसं गावात किराणा दुकान आणि पोस्ट एकाच माणसाकडे असायचं तशी ही माणसं. सांगत राहिली की आम्ही पैसे घेतले नाहीत, मशीन चुकतंय. पोस्ट म्हणालं मशीन मजबूत आहे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० च्या वर लोकांना शिक्षा झाल्या, त्यातल्या बहुतेक खटल्यांत फिर्यादी पोस्ट स्वतः. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून न घेतलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. २०१९ च्या डिसेंबरात कोर्टाने मान्य केलं की सिस्टिममध्ये बग होते, २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा एका दिवसात रद्द झाल्या, आणि शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्यांना निर्दोष ठरवावं लागलं. सामान्य माणूस कसं दाखवणार हो की कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर चुकलंय? त्याच्याकडे फक्त स्क्रीन.

आपला कागद अडाणी असेल, पण तो निदान प्रश्न विचारतो. यंत्र कुणाच्या ताब्यात होतं आणि त्या काळात नीट चालत होतं का.

ट्रान्सहार्बर

हे माहीत नव्हतं. म्हणजे पोस्टाचं ऐकलं होतं, कलमाचं नव्हतं. विचार करतो.

पारसिक

होरायझनचं वाचून गप्प झालो. पण हॅशचं काय? ताई, तुमच्या कागदात हॅशला जागाच नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

काळाकोट

आहे की. जुन्यात नव्हती. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स ॲक्ट गेला आणि भारतीय साक्ष अधिनियम आला, तिथे ६५बी चं झालं ६३. त्याच्या परिशिष्टात सर्टिफिकेटचा छापील नमुना आहे, भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. यंत्राचं मेक, मॉडेल, रंगसुद्धा, सिरियल नंबर, आणि खाली हॅश व्हॅल्यू, पुढे हॅश कुठल्या पद्धतीने काढला त्याचे चौकोन: एसएचए१, एसएचए२५६, एमडी५, इतर. तुम्हा लोकांचंच ऐकून केलंय. तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण यावर मात्र आम्ही अजून भांडतोय, तो वेगळा धागा होईल.

पारसिक

एमडी५??? २०२४ मध्ये कायद्यात एमडी५? अहो ते २००४ मध्येच चिनी संशोधकांनी फोडलंय. एसएचए१ पण २०१७ मध्ये गेलं, गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संस्थेने एकाच हॅशच्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. बघा, मी म्हणत होतो ना, यांना टेक्नॉलॉजी कळत नाही!

बिट्स_आणि_बटाटे

पारसिकभाऊ, जरा दमानं. फोडलं म्हणजे काय फोडलं? कोलिजन सापडलं. म्हणजे कुठल्या तरी दोन फाइली अशा बनवता आल्या की दोघींचा हॅश एक. जत्रेत एकसारख्या चेहऱ्याची कुठलीही दोन माणसं शोधायची असतील तर सापडतील कधी ना कधी. पण तुझ्या, फक्त तुझ्याच चेहऱ्याचा दुसरा माणूस आण म्हटलं तर? ते काम फार फार मोठं आहे, एमडी५ साठी पण व्यवहारात अजून कुणाला जमलेलं नाही. तुझ्या डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) निघालेल्या व्हिडिओचा एमडी५ आज लिहून ठेवला तर उद्या ३०२ वाला त्याच हॅशचा दुसरा व्हिडिओ बनवून आणू शकत नाही. ज्याने दोन्ही फाइली आधीच जोडीने तयार करून ठेवल्यात त्याचीच भीती. तरी २५६ वापरायला काय पैसे पडतात, तेच वापर. पण 'एमडी५ फुटलंय म्हणून पुरावा बाद' हे आपल्या इंजिनियर लोकांचं २५० कोटीच आहे.

पारसिक

शालजोडीतला मिळाला. घेतला.

डीव्हीआरवाला

मी कॅमेऱ्याचंच काम करतो वागळे इस्टेटला दुकान आहे, २०० च्या वर सोसायट्या केल्या असतील ठाणे कळवा ऐरोलीपर्यंत, तुम्ही सगळी मोठी माणसं कोर्ट आणि गणित बोलताय म्हणून गप्प होतो पण एक साधं विचारतो, डीव्हीआरचं घड्याळ बघितलं का कुणी? मी दहा ठिकाणी सर्व्हिसला जातो त्यातल्या निम्म्या ठिकाणी वेळ चुकलेली असते, कुठे पाच मिनिटं कुठे दोन तास, एका ठिकाणी तर मशीन २०१० साल दाखवत होतं आणि तीन वर्षांत कुणाच्या लक्षात नाही, कारण आत नाण्याएवढा सेल असतो तो संपतो, लाइट गेली की वेळ मागे पडते, आणि इंटरनेट जोडलेलं नसतं मग आपोआप दुरुस्त होत नाही, बसवताना आम्ही लावून देतो पुढे कोण बघतंय

काय करायचं ते सांगतो, प्लेबॅकला नाही, लाइव्हला जा, स्क्रीनवरची वेळ आणि तुझ्या मोबाईलची वेळ एका फोटोत येईल असा फोटो काढ, किती फरक आहे ते कळेल. मग पेनड्राइव्ह लाव आणि बॅकअप घे, मॉनिटरचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ म्हणजे देवाचा फोटो, मूर्ती नव्हे. व्हॉट्सॲपवर नुसता व्हिडिओ पाठवू नको तो दाबून बारीक करतो मग तुझा तो हॅश का काय तो बदलणारच, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. आणि लवकर कर, आठ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर आठ ते पंधरा दिवसांत वरून नवीन लिहिलं जातं, आज सातवा दिवस आहे तुझा

बिट्स_आणि_बटाटे

'देवाचा फोटो, मूर्ती नव्हे' हे फ्रेम करून लावतोय.

काळाकोट

दादा, पूर्ण धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट तुमची. हॅश एवढंच सांगतो की घेतल्यापासून फाईल बदलली नाही. घड्याळ चुकलेलं असेल तर ती चूक पण तो इमानदारीने जपणार.

सीवूड्सकाकू

मी बोलू का जरा? मी काही इंजिनियर नाही की वकील नाही, ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तुम्ही काकांना हसताय ते ठीक, पण आम्ही फॉरवर्डवर विश्वास का ठेवतो ते सांगते. मला मागच्या वर्षी फोन आला. तुमच्या नावाचं कुरियर पकडलंय, त्यात पासपोर्ट आणि औषधं सापडली, व्हिडिओवर या, तुम्हाला डिजिटल अरेस्ट झालीय. समोर खाकी शर्ट, मागे भिंतीवर बोधचिन्ह. मला माहीत होतं हो हे खोटं असतं, पंतप्रधानांनी मन की बात मध्ये सांगितलेलं ऑक्टोबर २०२४ ला, मी स्वतः ऐकलेलं. तरी हात कापत होते. अकरा मिनिटं मी त्याला हो साहेब हो साहेब करत होते. मग कुकरची शिट्टी झाली आणि मी सवयीने उठले गॅस बंद करायला, तर तो ओरडला, जागेवरून हलायचं नाही. तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. म्हटलं कुठला पोलीस बाईला गॅस बंद करू देत नाही? फोन ठेवला, १९३० ला लावला.

सांगायचं हे की माहिती नव्हती म्हणून नाही, भीती होती म्हणून फसायची वेळ आली. आमच्या पिढीला घरी पोस्टमनने रजिस्टर आणलं तरी छातीत धस्स व्हायचं. कायदा म्हणजे आपल्याला समजेल अशी गोष्ट आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि मोबाईलचं तर काय, नातवंडं हातातून घेऊन 'आजी दे इकडे' करून टाकतात, दाखवत नाहीत. मग जो कुणी खात्रीने बोलतो तो खरा वाटतो.

काळाकोट

काकू, नमस्कार घ्या.

एक जोड देते. अटक म्हणजे माणूस प्रत्यक्ष येऊन ताब्यात घेतो, व्हिडिओवर अटक असा प्रकार कायद्यात नाही. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस, बीएनएसएस कलम ३५ ची, व्हॉट्सॲपवर बजावू नका असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण म्हणून 'मोबाईलवर आलेलं सगळंच खोटं' असंही धरू नका, कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय नव्या कायद्यात आहे. आलं तर घाबरू नका, केस नंबर घ्या आणि कोर्टात किंवा ई-कोर्टच्या साइटवर तपासा. पैसे मागितले तर मात्र तपासायचीही गरज नाही.

ट्रान्सहार्बर

काकूंचं वाचून आईला फोन केला. तिला यूपीआय शिकवताना मी पण 'दे इकडे'च केलं होतं.

पारसिक (रविवार, रात्री १०.३५)

अपडेट. बसा.

डीव्हीआरवाले दादा म्हणाले तसं संध्याकाळी सोसायटी ऑफिसात गेलो, लेखी अर्ज घेऊन. काळाकोटताईंचा कलम १७ चा मुद्दा सेक्रेटरींना वाचून दाखवला, त्यांनी चष्मा लावून परत वाचला आणि काहीच न बोलता किल्ली दिली. लाइव्ह स्क्रीन लावली, शेजारी मोबाईल धरला. मोबाईल ७.१४. डीव्हीआर ६.३६.

३८ मिनिटं मागे.

म्हणजे स्क्रीनवर २१:५२ दिसतंय तेव्हा खरे वाजले होते साडेदहा. (आठवड्यात थोडा फरक वाढला असेल असं धरलं तरी ३८ मिनिटं काही सात दिवसांत पडत नाहीत.) मग वॉचमनची वही परत काढली. ९.५० ला ३०२ ची गाडी, हो. आणि १०.२७ ला पांढरी गाडी, 'पाहुणे, ७०१'. बॅकअप घेतला, मोठ्या स्क्रीनवर बघितला, मूळ फाइलमध्ये मागच्या काचेवरचा गोल स्टिकर स्पष्ट दिसतोय, मोबाईलच्या व्हिडिओत तो नुसता डाग होता. ३०२ च्या गाडीला स्टिकर नाही. ७०१ म्हणजे कमिटी मेंबर. पाहुणे म्हणजे जावई.

आता माझी गंमत सांगतो. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, लाज वाटत होती. चौथ्या काकांचं ऐकून मी बुधवारीच ३०२ च्या दारात गेलो होतो. व्हिडिओ दाखवून म्हणालो होतो, टाइमस्टॅम्प आहे, टाइमस्टॅम्प खोटं बोलत नाही. १५ वर्षं सर्व्हरच्या लॉगमध्ये डोकं घालतो मी, दोन मशीनची घड्याळं जुळत नाहीत म्हणून रात्र रात्र जागलोय, आणि खालच्या डीव्हीआरचं घड्याळ बघावं असं मला सुचलं नाही. त्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात तोच प्रश्न छापलेला आहे, यंत्र त्या काळात नीट चालत होतं का. मी त्यालाच नुसते सह्याशिक्के म्हणत होतो.

आत्ता त्यांच्याकडे जाऊन आलो. माफी मागितली. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाले. चहा विचारला नाही. बरोबरच आहे. ग्रुपवर पण लिहिलं, फोटोसकट. बुधवारी ४७ मेसेज आले होते, आत्ता दोन अंगठे आलेत.

घोडबंदर_त्रस्त

आणि चौथे काका?

पारसिक

त्यांनी 'जावयाला सोडू नकोस' लिहिलंय.

काळाकोट

सोडू नको म्हणजे काय करणार, १८ हजारांसाठी फौजदारी? आधी ७०१ ला शांतपणे फाईल दाखव, स्टिकर आणि वेळ जुळतेय पण चालवत कोण होतं ते फुटेजमध्ये नाही हे पण लक्षात ठेव, ३०२ ला दिली नाहीस ती संधी यांना तरी दे बोलायची. बहुतेक देतील भरून. नाही तर विम्यात क्लेम कर, नो क्लेम बोनस जाईल ते बघून ठरव.

डीव्हीआरवाला

वेळ नीट करून टाकली ना मशीनची?? की उद्या परत ३८

पारसिक

तेच करायला गेलो होतो. सेटिंगला पासवर्ड मागतोय. पासवर्ड जुन्या सेक्रेटरींकडे, ते नातवाच्या मुंजीला पुण्याला गेलेत, फोन लागत नाही. आत्ताचे म्हणतात कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बदल करायचा तर एजीएममध्ये ठराव लागतो, तसा कायदा आहे.

काळाकोट

कुठला कायदा?

पारसिक

विचारलं. फॉरवर्ड शोधतायत.